पिल्लू पसंत करण्याआधी त्याची आई बघा

औशाहून एका शिक्षिका ताईंनी विचारलंय: मुलीचा बारावा वाढदिवस जवळ आलाय आणि तिला लॅब्रॅडॉरचं पिल्लू हवंय. लांबच्या शहरातल्या एका विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत. "४५ दिवसांचं, डबल बोन, पेपरवालं, दोन लसी झालेल्या." पाच हजार आगाऊ पाठवले की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पिल्लू लातूरला पोचतं करतो, म्हणतो. ताईंच्या बहिणीचं म्हणणं वेगळं आहे: विकत कशाला घेता, कुणीतरी सोडून दिलेलं चांगल्या जातीचं कुत्रं घरी आणा. तर काय करावं, आणि पिल्लू अस्सल आहे, निरोगी आहे हे ओळखायचं कसं?

ताई, आधी एवढं करा की ते पाच हजार पाठवू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी २२ वर्षं लातुरात कुत्र्या-मांजरांवर उपचार करतोय. रात्रीच्या गाडीने आलेली पिल्लं मी सकाळी बघतो. एका दिवाळीनंतरची सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. शटर अर्धं वर केलं तर पायरीवर एक गृहस्थ आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसलेले. मुलाच्या मांडीवर बिस्किटांचं खोकं, त्याला पेनाने पाडलेली भोकं. आत ओल्या वर्तमानपत्रावर फिक्या रंगाचं लॅबचं पिल्लू आणि त्याच्या अंगावर मुलाने काढून घातलेला स्वतःचा स्वेटर. गाडी पाचला आली होती. मी पिल्लाचा ओठ वर केला तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. वास तर खोक्याजवळ वाकतानाच आला होता. पार्वो या पिल्लांच्या विषाणूजन्य आजारातल्या रक्ताळ हगवणीचा वास एकदा नाकात बसला की चुकत नाही. कार्डावर दोन लसींच्या तारखा आणि एक शिक्का, पण लसीच्या बाटलीवरचं लेबल एकही चिकटवलेलं नाही. चार दिवस सलाईन लावलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पिल्लू गेलं. तो स्वेटर मुलाने परत नेला नाही.

पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात. म्हणजे ते पिल्लू खोक्यात बसलं तेव्हाच आजार घेऊन बसलं होतं. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत ते उड्या मारत होतं आणि तो व्हिडिओ खोटा नव्हता. आजार अंगात असताना पहिले काही दिवस पिल्लू तसंच खेळतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की पिल्लाकडे बघून फार थोडं कळतं. आईकडे बघा, आणि ते जिथे जन्मलं ती जागा बघा.

आई का, ते सांगतो. आपल्या भागात वासरू जन्मलं की त्याला पहिला चीक पाजायची घाई असते, तो चुकला तर वासरू धरत नाही हे घरातल्या म्हातारीलाही माहीत असतं. कुत्रीचंही तसंच आहे. रोगांशी लढायची ताकद पिल्लाला मुख्यतः आईच्या चिकातून मिळते, आणि ती आतड्यातून रक्तात जायची वाट जन्मानंतर एका दिवसात बंद होते. आईला वेळेवर लस झालेली असेल तरच तिच्या चिकात पार्वोविरुद्ध काही असणार. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न पिल्लाच्या लसीचा विचारू नका, "आईला शेवटची लस कधी दिली?" असा विचारा. ज्याने कुत्री जीव लावून सांभाळली आहे तो तारीख सांगतो, कार्ड दाखवतो. ज्याने फक्त पिल्लांसाठी ठेवली आहे तो विषय बदलतो.

आता "दोन लसी झाल्या" याचा अर्थ. आईकडून आलेली ही ताकद पिल्लाच्या रक्तात हळूहळू उतरते. एखाद्यात ती सहाव्या आठवड्यात संपते, एखाद्यात चौदा-पंधराव्या आठवड्यापर्यंत टिकते. ती शिल्लक असताना लस दिली तर ही ताकदच त्या लसीला निकामी करते. कुठल्या पिल्लात ती कधी संपेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून ६ ते ८ आठवड्यांना पहिली लस देऊन दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांचं होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. रेबीजची साधारण तीन महिन्यांना. मग ४५ दिवसांच्या पिल्लाला दोन लसी झाल्या असतील तर पहिली कितव्या दिवशी दिली? त्या वयात दिलेली लस बहुतेक वाया जाते, आणि घेणारा मात्र दोन लसी झाल्या म्हणून निर्धास्त राहतो.

त्या ४५ दिवसांबद्दलही बोललं पाहिजे, कारण हा आकडा आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी बसलाय. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आत कुत्रीवर पैदास करता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. बरं, ४५ दिवसांचं म्हणून येणारी कितीतरी पिल्लं माझ्या टेबलावर जेमतेम महिन्याची निघतात. तोंड उघडून मागच्या दुधाच्या दाढा बघितल्या की अंदाज येतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात साधारण २८ दुधाचे दात असतात. महिन्याच्या पिल्लाचे पुढचे बारीक दात आणि सुळे नुकतेच वर आलेले असतात, मागे नुसती हिरडी. एवढ्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू जंतांनी, थंडीने, प्रवासाने खचतंच, पण पुढे चावरंही होतं. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती रुतवायचा हे पिल्लू तिथेच शिकतं. हा धडा सहाव्या, सातव्या, आठव्या आठवड्यात होतो, नेमका आपण ते उचलून आणतो तेव्हा.

मग जाऊन काय बघायचं? लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठेही घ्या, पण स्वतः जा आणि दिवसा जा. कुत्री तुमच्यासमोर पिल्लांजवळ आली पाहिजे. "आई शेतावर आहे", "ती अंगावर येते म्हणून बांधलीय" असं सांगितलं तर चहा पिऊन परत निघा. आईच तिथे नसेल तर पिल्लं दुसरीकडून आणलेली आहेत असं धरून चाला. कुत्री जवळ आली की तिचा स्वभाव बघा. लॅबची आई अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दबत असेल किंवा दात दाखवत असेल तर पिल्लाच्या गोंडस तोंडावर जाऊ नका. व्यायलेली कुत्री थोडी उतरलेली असणार, केस गळलेले असणार, त्यात वावगं नाही. पण बरगड्या मोजता येत असतील, कानात गोचीड लटकत असतील, कातडीवर चट्टे असतील तर जे आईला मिळालं नाही ते पिल्लांना कुठून मिळालेलं असणार? मागची वेतं किती झाली हेही विचारा. दर माजाला भरवलेली कुत्री तिच्या सडांवरून ओळखू येते. पोट लोंबून आलेलं असतं आणि वय चार-पाच वर्षांचं सांगितलं तरी तोंड म्हातारं दिसतं.

लॅब आणि जर्मन शेफर्ड यांच्यात मागच्या खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीतून उतरतो. उखळी उथळ राहते, मांडीचं हाड त्यात नीट बसत नाही, आणि दीड-दोन वर्षांचं कुत्रं जिना चढताना कण्हायला लागतं. खरं तर आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे बघूनच पैदास व्हायला हवी. आपल्या भागात असा एक्स-रे काढून ठेवणारा माणूस क्वचित भेटतो. भेटला तर दोन पैसे जास्त द्या, पण पिल्लू त्याच्याकडूनच घ्या. नाही भेटला तर आई-बापाला बसलेलं उठवून चालायला लावा. उठताना पुढच्या पायांवर सगळा भार टाकून मागचा भाग ओढत उठतात का? पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीने पडतात का? त्या घराच्या अंगणात पाच मिनिटं थांबलात तरी हे दिसतं.

पिल्लांमध्ये हात घालायच्या आधी जमिनीकडे बघा. विष्ठा पडलेली असेल तर ती घट्ट आहे की पातळ, तिच्यात जंत आहेत का. नाकाला फिनेलचा उग्र वास आणि कोपऱ्यात नुकतीच धुतलेली फरशी दिसली तर विचारा, मागच्या वेताची पिल्लं कुठे गेली, सगळी जगली का. पार्वोचा विषाणू त्या जागेत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला साधारण ३० भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं तरी फरशीवर राहायला हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते तुम्हालाही आठवत असेल. त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, तिथे कुत्र्यांच्या खोल्या कोण धुणार? काही ठिकाणची पिल्लं पुढच्या हिवाळ्यापर्यंत माझ्याकडे एकामागून एक पार्वो घेऊन येत राहिली.

पिल्लू हातात घेतलं की सोप्या गोष्टी बघा. डोळ्यांत चिपडं नकोत, नाक वाहतं नको. जंत झालेलं पोट मडक्यासारखं फुगतं आणि पाठीचा कणा वर येतो. बेंबीजवळ मऊ फुगवटा असेल तर तो हर्निया आहे. लहान असेल तर काळजीचं नाही, पण विक्रेत्याने तो स्वतःहून सांगायला हवा. डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवर केस गेलेले ठिपके असतील तर खरजेची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नका. पिल्लाच्या मागे किल्ल्यांचा जुडगा वाजवा, कान फिरतो का ते कळेल. सगळ्यात गप्प बसलेलं पिल्लू "शांत स्वभावाचं" म्हणून विकलं जातं. माझ्या टेबलावर असं गप्प पिल्लू बहुतेक वेळा आजारी निघतं.

आता अस्सलपणाचं. "डबल बोन" नावाची कुठली जात नाही, कुठल्या कागदावर तसं लिहिलेलं नसतं. जाड पायांच्या पिल्लाला बाजाराने दिलेलं ते नाव आहे. "डबल कोट"चे वेगळे पैसे मागितले तर लक्षात घ्या, प्रत्येक अस्सल लॅबला केसांचे दोन थर असतातच. पांढरे झुबकेदार इंडियन स्पिट्झ आपल्याकडे वर्षानुवर्षं पॉमेरियन म्हणून विकले जातात, हीही त्याच बाजाराची गोष्ट. कागद म्हणाल तर केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र कामाचं आहे, पण त्यातून कळते ती वंशावळ. तब्येतीबद्दल ते काही सांगत नाही. त्यावर मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक असतो. स्कॅनर फिरवून पिल्लाच्या अंगातला क्रमांक आणि कागदावरचा जुळतो का ते बघायचं. "पेपर नंतर कुरिअर करतो" असं म्हणणाऱ्याचे पेपर आलेले मी फार कमी पाहिले. लसीच्या कार्डावर बाटलीचं लेबल, त्यावर बॅच नंबर आणि मुदत, शेजारी डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक, एवढं असेल तरच ते कार्ड धरा.

तुम्ही लॅबच म्हणताय, आणि मराठवाड्यात लॅब राहू शकतो, एप्रिल-मेमध्ये फिरवणं पहाटे आणि रात्री ठेवलं तर. हस्की, सेंट बर्नार्ड मात्र इथे आणूच नयेत. पगचं बसकं नाक ४२ अंशांच्या दुपारी श्वासाला पुरत नाही. उष्माघाताने धापा टाकणारे पग मी दर उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याच्या फडक्यात नाही, साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवतो. एकदम बर्फ लावला तर कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते.

आणि अस्सल जातीचीच ओढ असेल तर आपल्या मातीतली जात विसरू नका. लातूर, सोलापूर आणि पलीकडे विजयपूरच्या पट्ट्यात कारवान जातीची शिकारी कुत्री आहेत. कान-शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्यांना आपण पश्मी म्हणतो. कारवानचंच कर्नाटकातलं नाव मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथून पिल्लं मिळतात. कमी खाणारं, उन्हाने न खचणारं, निरोगी जनावर आहे, पण त्याला रोज पळायला मोकळं रान लागतं. फ्लॅटमध्ये ते कोंडलं जातं. गावात घ्यायला गेलात तर आई तर बघाच, पण ग्रेहाउंडचं रक्त मिसळलंय का तेही विचारा, शर्यतीच्या नादापायी ते बरंच मिसळलं गेलंय. "हिची आई ससा धरती" असं कौतुकाने सांगणाऱ्याकडून घेऊ नका. सशाची शिकार हा गुन्हा आहे.

औसा तालुक्यातल्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मी एका ओळखीच्यांना कारवानचं पिल्लू बघायला घेऊन गेलो होतो. त्यांनी कुत्रीला हाक मारली, ती येऊन त्यांच्या धोतराला टेकून बसली. पिल्लं तिच्यामागून आली. किंमत विचारायच्या आधी त्यांनीच विचारायला सुरुवात केली. "दिवसभर घरी कोन असतंय? पोरं साळंत, तुमी नोकरीवर, मंग हिच्या लेकराला काय कुलुप लावून ठिवनार?" अर्धा तास झाला तरी पिल्लू द्यायचं की नाही हे त्यांचं ठरलं नव्हतं. शेवटी म्हणाले, आठ दिवसांनी पुन्हा या, वैनींना घेऊन या. मला पैदास करणारा माणूस असा हवा असतो. तुम्हाला प्रश्न न विचारता पिल्लू देणाऱ्याला ते कुठे जाणार याची पर्वा नसते.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दरवर्षी श्वान प्रदर्शन भरतं. तिथे चांगले कारवान बघायला मिळतात, जरूर जा, मुलीला न्या. पण पिल्लू तिथून उचलू नका. चहूकडची कुत्री एकत्र आलेली असतात, पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा असाच दुसरा जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांना याहून सोयीची जागा नाही. आवडलेल्या कुत्रीच्या मालकाचा नंबर घ्या आणि नंतर त्याच्या गावी जा.

आता बहिणीच्या म्हणण्याकडे येतो. माझं मत विचाराल तर बारा वर्षांची मुलगी असलेल्या, दिवसभर नोकरी करणाऱ्या घरासाठी त्यांचं म्हणणं जास्त बरोबर आहे. लोकांना वाटतं सोडलेली कुत्री म्हणजे गावठी किंवा खोड्याळ. तसं नाही. बदली झाली, फ्लॅट घेतला, घरात बाळ आलं, म्हणून दोन-तीन वर्षांचे लॅब आणि शेफर्ड दर वर्षी माझ्याकडे "कुणी घेतं का बघा डॉक्टर" म्हणून येतात. अशा कुत्र्याचे खुबे कसे आहेत, स्वभाव कसा आहे, मुलांशी कसं वागतं, हे सगळं आजच दिसतं. पिल्लात तो अंदाज असतो. रात्री उठून शी-शू नाही, चपला कुरतडणं नाही.

इथे आई बघायला मिळत नाही, म्हणून तिच्या जागी दिवस मोजा. ते कुत्रं संस्थेकडे किंवा सांभाळणाऱ्याच्या घरी निदान दोन आठवडे राहिलेलं असावं. तेवढ्यात अंगातला संसर्गही बाहेर येतो आणि भेदरलेपण जाऊन खरा स्वभावही दिसतो. रक्ततपासणी मागा. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया इतका आहे की वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या प्लेटलेट्स खाली गेलेल्या सापडतात. लवकर कळलं तर गोळ्यांनी बरा होतो. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत तुम्ही कुत्रं नेऊन तपासून घेऊ शकता. कुत्रं जेवत असताना सांभाळणाऱ्याला त्याच्या भांड्याजवळ जायला सांगा, तुम्ही लांबून बघा. गुरगुरत असेल तर लेकरांच्या घरात नको. चांगली संस्था तुमचं घर बघायला येते, फॉर्म भरून घेते, नसबंदीचा आग्रह धरते, आणि नाही जमलं तर कुत्रं परत घेते. तिचा राग मानू नका. मात्र संस्थेकडून तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू घेणार असाल तर पार्वोचं वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू आहे.

तर ताई, दोन महिने थांबायची तयारी ठेवा. वाढदिवसाला पिल्लूच हातात दिलं पाहिजे असं नाही, मुलीला पट्टा आणि भांडं द्या आणि शोधायला सोबत न्या. मोठा लॅब मिळाला तर तो आधी बघा. पिल्लूच घ्यायचं ठरलं तर दोन ठिकाणच्या आया बघून या आणि विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या: पहिल्या दहा दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर निघाला तर उपचाराचा खर्च कोण करणार. घरी नेण्याआधी पिल्लू तुमच्या डॉक्टरकडे न्या, पण दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका, मांडीवरच ठेवा. पहिला आठवडा त्याला तिथे मिळत होतं तेच खाऊ घाला, गाईचं दूध देऊ नका, त्याने हगवण लागते आणि मग ती दुधाची की पार्वोची हे ठरवण्यात आमचा एक दिवस जातो. खाणं सोडलं, दोनदा उलटी झाली किंवा मलूल पडलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करा. आणि येताना कार्डावर पिल्लाच्या तारखांच्या वर आईच्या शेवटच्या लसीची तारीख लिहून आणा.